प्रश्न आपल्या जिल्ह्यातला, शोध इंटरनेटवरचा

लोणारचे सरोवर किती वर्षांपूर्वीचे, असे इंटरनेटवर शोधले तर एका ठिकाणी ५२ हजार वर्षे असे उत्तर मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी ५ लाख ७० हजार. दोन्ही पाने नीटनेटकी असतात, दोन्हींवर सरोवराचे सुंदर छायाचित्र असते. प्रकल्पवही घेऊन बसलेली सातवीतली मुलगी गोंधळते, आई-वडीलही गोंधळतात आणि शेवटी जो आकडा आधी दिसला तो वहीत जातो. विज्ञानाचा ऑनलाइन शोध असा संपत असेल तर फार मोठे काहीतरी हातचे जाते, कारण या दोन आकड्यांच्या मधोमध विज्ञानाचा एक अख्खा तास आहे.

५२ हजार हा आकडा उष्मादीप्ती नावाच्या पद्धतीतून आला. खनिजाचे कण भोवतालच्या किरणोत्सारातून थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतात. खूप तापले की ती ऊर्जा निघून जाते आणि साठवण पुन्हा शून्यापासून सुरू होते. उल्का आदळून लोणारचे विवर झाले तेव्हा खडक वितळून काच झाली, म्हणजे तेव्हापासूनची साठवण मोजली की वय कळते. पण कणाची साठवणक्षमता अमर्याद नसते, त्यामुळे फार जुन्या नमुन्यांना ही पद्धत पुरी पडत नाही. पुढे २०११ साली आर्गॉन वायूवर आधारलेल्या पद्धतीने केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. खडकातल्या पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश आर्गॉनमध्ये बदलतो. खडक वितळला की जुना आर्गॉन निसटतो आणि घड्याळ नव्याने चालू होते. या घड्याळाने ५ लाख ७० हजार वर्षे दाखवली, अधिक-उणे ४७ हजार. अनेक पानांवर अजून जुनाच आकडा आहे, कारण ती पाने एकमेकांवरून उतरवलेली आहेत. आठवीच्या वर्गाला हे समजावून सांगता येते. आकडा कुणी काढला, कशावरून काढला आणि कधी काढला, हे तीन प्रश्न एकदा मुलांच्या तोंडी बसले की कुठल्याही पानाची पारख ती स्वतः करतात.

लोणारबद्दलचे आणखी दोन दावे याच कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहेत. 'बेसाल्ट खडकातले जगातले एकमेव विवर' हा पहिला. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाने आघाती विवरांची एक सूची इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिच्यात ब्राझीलमधली व्हार्जेआओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही दोन विवरे सापडतात आणि दोन्ही बेसाल्टमध्येच आहेत. ती लोणारपेक्षा खूप मोठी, पण झिजलेली. लोणारचे मोल निराळे आहे: बेसाल्टमधले इतके सुबक, इतके टिकलेले विवर दुसरे नाही, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक इथे येतात. दुसरा दावा मोठेपणाचा. जगातले अमुक क्रमांकाचे मोठे विवर म्हणून लोणारचे नाव सर्रास घेतले जाते. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मध्य प्रदेशातले ढाला आणि राजस्थानातले रामगढ ही भारतातलीच विवरे त्याच्या कित्येक पट आहेत. खरी माहिती दिल्याने लोणारची शान कमी होत नाही. उलट आपल्या गावाबद्दल जगासमोर खात्रीने बोलता येते.

विज्ञान शिकवायला ऑनलाइन साहित्य कुठे मिळेल, असे शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात. साहित्य भरपूर आहे, मराठीतही आहे, आणि बरेचसे फुकट आहे. अडचण क्रमाची आहे. आपण आधी व्हिडिओ उघडतो, तो संपला की 'समजलं का?' विचारतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मुलाच्या मनात प्रश्नच नसताना उत्तर त्याच्यापुढे ठेवले जाते. माझे मत असे, की प्रश्न आधी अंगणातून, शेतातून, विहिरीवरून यावा आणि मग त्याच्यासाठी साहित्य शोधावे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तर प्रश्नांचा तोटाच नाही. घाटावर आणि घाटाखाली, अशा दोन निराळ्या दुनिया एकाच जिल्ह्यात आहेत.

लोणारपासूनच सुरुवात करू. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. नंतर पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे तोंड असावे असाच समज होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले खनिज इथे सापडल्याचे दाखवले गेले. ज्वालामुखीत तसा दाब निर्माण होत नाही. एवढे सांगून झाले की परातीत चार बोटे बारीक वाळू किंवा पीठ पसरावे, वर रंगीत रांगोळीचा पातळ थर द्यावा आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोटी सोडावी. प्रत्येक वेळी खड्ड्याचा व्यास मोजावा. उंची दुप्पट केली तरी खड्डा दुप्पट होत नाही, हे मुलांना स्वतःच्या पट्टीवर दिसते. खालची पांढरी वाळू रांगोळीवर कशी उडून पडते, काठ कसा उचलला जातो, हेही दिसते. लोणारच्या काठावर उभे राहिले की तोच उचललेला काठ पायाखाली असतो.

अशा स्वस्त, हाताने करायच्या प्रयोगांचा सर्वांत मोठा खजिना म्हणजे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा अभियंता होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात रमला आणि पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्याने टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या फिती अनेक भाषांत आहेत, त्यात मराठीही आहे, आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती मोफत उतरवून घेता येतात. फीत लहान असते, लागणारे सामान घरात असते आणि ती संपताच मूल काडेपेटी शोधायला उठते. एखादे साहित्य चांगले की वाईट हे ठरवताना मी एवढेच बघते: पाहून झाल्यावर मूल उठते की तसेच बसून राहते?

लोणारचे पाणी अल्कधर्मी आहे, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. ही संख्या पाठ करण्यात काहीच अर्थ नाही. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्या रंगवाव्यात आणि वाळवाव्यात. धुण्याच्या सोड्याचे पाणी लावले की पट्टी लाल होते, लिंबाच्या रसाने पिवळीच राहते. या सरोवरातून पूर्वी सोडा काढला जात असे, त्याचे पाणी सोडियमच्या कार्बोनेट क्षारांनी भरलेले आहे, म्हणून धुण्याचा सोडा हा त्याचा चांगला प्रतिनिधी ठरतो. प्रत्यक्ष सरोवराचे पाणी बाटलीत भरून आणू नये. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागाही. हळदीची पट्टी लाल झाली, पण किती अल्कधर्मी हे तिला सांगता येत नाही. इथे संगणकाची मदत खरी उपयोगी पडते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या फेट या प्रकल्पात सामूचे आभासी प्रयोग आहेत. पाणी ओतून पातळ केले की आकडा कसा सरकतो, एक अंक सरकणे म्हणजे दहा पट फरक कसा, हे तिथे हाताळून कळते. फेटच्या अनेक प्रयोगांचे मराठी रूप उपलब्ध आहे. ते एकदा उतरवून घेतले की नंतर इंटरनेट नसले तरी चालते. पण हळदीची पट्टी आधी, फेट नंतर. उलट केले की मूल पडद्यावरच्या रंगालाच खरे पाणी समजू लागते.

मग २०२० चा जून आठवावा. टाळेबंदीच्या दिवसांत सरोवर गुलाबी झाले आणि मोबाइलवर नाना तर्क फिरू लागले. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरी या संकेतस्थळावर लँडसॅट उपग्रहाची दोन छायाचित्रे आहेत, एक २५ मेचे आणि एक १० जूनचे. पहिल्यात पाणी हिरवे, दुसऱ्यात गुलाबी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव आढळले. पाणी कमी झाले, उष्णता वाढली, क्षारांचे प्रमाण चढले आणि त्या जीवांचे फावले. ती दोन छायाचित्रे वर्गात शेजारी शेजारी लावा आणि कारण सांगण्याआधी मुलांना पंधरा मिनिटे तर्क करू द्या. आकाशातून असे पाहण्याची सोय आता रोजची झाली आहे. इस्रोचे भुवन आणि गूगल अर्थ यांवर मेहकरच्या किंवा मोताळ्याच्या मुलांना आपली शाळा, नदी, पाझर तलाव शोधता येतात, तलावाचे पात्र कसे आटत गेले ते पाहता येते.

आता घाट उतरून खाली जाऊ. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतल्या अनेक गावांत विहिरीचे पाणी पिववत नाही. तिथल्या मुलांना द्रावणे आणि क्षार हा धडा शिकवताना परदेशातल्या प्रयोगशाळेचा व्हिडिओ दाखवण्याची गरज काय? गावातल्या विहिरीचे, टँकरचे आणि साठवलेल्या पावसाचे पाणी एकसारख्या मापाने स्टीलच्या तीन ताटल्यांत घालून उन्हात ठेवावे. पाणी उडून गेल्यावर तळाशी काय उरते ते मुले डोळ्यांनी पाहतात. त्याच तीन पाण्यांत साबण घासून फेस किती येतो तेही मोजावे. क्षार मोजणारे खिशात मावणारे टीडीएस मीटर आता स्वस्तात मिळते आणि एका शाळेला एक पुरते. त्याचा आकडा हातात आला की भारतीय मानकाशी ताडून पाहावा: पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. ऑनलाइन शोध इथून सुरू होतो. केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्हावार अहवाल आणि इंडिया-डब्ल्यूआरआयएस हे जलमाहितीचे सरकारी संकेतस्थळ यांत आपल्या भागाच्या भूजलाच्या नोंदी मिळतात. हे अहवाल इंग्रजीत असतात, वाचायला रूक्ष असतात, तरी तक्त्यात आपल्या तालुक्याचे नाव सापडले की नववीची मुलेही नेटाने वाचतात. ज्या पाण्याने घरातल्या कुणाच्या मूत्रपिंडाला त्रास झाला असेल, त्या पाण्याचा हा अभ्यास आहे. याहून महत्त्वाचा विज्ञानाचा धडा त्या गावात दुसरा नसेल.

जळगाव जामोद तालुक्यातल्याच भेंडवळची घटमांडणी साऱ्या विदर्भाला माहीत आहे. अक्षय्य तृतीयेला मांडणी होते, दुसऱ्या दिवशी पावसाचे, पिकाचे भाकीत सांगितले जाते आणि वर्तमानपत्रांत छापून येते. त्या परंपरेशी भांडण न काढताही मुलांना एक काम देता येते. छापून आलेले भाकीत महिनावार वहीत उतरवायचे. शाळेत प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून रोज सकाळी पाऊस मोजायचा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून आपल्या भागाचे आकडे घ्यायचे, हवामान खात्याचा अंदाज घ्यायचा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे शेजारी मांडायचे. कोणते वाक्य तपासता आले, कोणते इतके मोघम होते की तपासताच आले नाही, हे मुलांनीच ठरवावे. हाच नियम हवामान खात्याच्या अंदाजालाही लावावा.

पाठ्यपुस्तकाशी जोडलेले साहित्य हवे असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ आहेत आणि पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी मंचावर नेतात. तिथले सगळेच चांगले नाही. काही फिती म्हणजे धडा मोठ्याने वाचून दाखवणे असते, त्या सरळ सोडाव्यात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम मात्र मला सर्वांत भरवशाचे वाटते. १९७४ पासून हे केंद्र मुले विज्ञान कसे शिकतात, कुठे अडखळतात, याचाच अभ्यास करत आहे. प्राथमिक वर्गांसाठीची त्यांची 'स्मॉल सायन्स' पुस्तके मुलांना उत्तरे देत नाहीत, पाहायला आणि मोजायला लावतात. विज्ञान प्रतिभा या उपक्रमात आठवी ते दहावीसाठी तयार पाठ आहेत. संदर्भ पाहायला मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे, तो बहुतेक चटपटीत पानांपेक्षा कितीतरी विश्वसनीय आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे लेखनही शोधावे. ज्ञानगंगा अभयारण्याजवळच्या शाळांनी पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर आणि झाडे-किड्यांची छायाचित्रे आय-नॅचरलिस्टवर टाकावीत. तिथे मुलांची नोंद शास्त्रज्ञांच्या कामी येते.

घरी शिकताना अडचण वेगळीच असते. फोन एकच, तो वडिलांबरोबर शेतात किंवा बाजार समितीत जातो आणि संध्याकाळी हाती येतो तेव्हा डेटा संपत आलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर तर नेटवर्कचाच भरवसा नाही. म्हणून शिक्षकांनी गटावर दुवे पाठवत बसू नये. शाळेत जिथे जोडणी चालते तिथे पीडीएफ, फिती आणि फेटचे प्रयोग उतरवून घ्यावेत आणि पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डवरून घरोघरी द्यावेत. पालकांना विज्ञान यायलाच हवे असे नाही. मूल प्रयोग करत असताना आईने 'असं का झालं गं?' एवढे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली, तरी बरेच काम होते.

शेवटी एक प्रयोग सुचवते. तो बुलढाणा जिल्ह्याला भूगोलाने आयताच दिला आहे. लोणार आणि जळगाव जामोद ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७६.५ अंश पूर्वेच्या आसपास. एक जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दुसरे उत्तरेला. अक्षांशांत सुमारे १.०७ अंशांचा फरक, सरळ रेषेत अंतर सुमारे ११९ किलोमीटर. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने दोन शहरांतल्या सूर्याच्या कोनांवरून पृथ्वीचा परीघ काढला, तेच इथे दोन शाळांना करता येईल.

दोन्हीकडे एक मीटर उंचीवर एक पुठ्ठा आडवा बसवावा, त्याला पेन्सिलीएवढे छिद्र पाडावे. काठीच्या टोकाची सावली अंधूक पडते, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची चकती आहे. छिद्रातून पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा मध्य मात्र नेमका धरता येतो. छिद्रातून ओळंबा सोडून खालची जागा खूण करावी, जमीन पाणसळीने सपाट आहे का पाहावे. माध्यान्हाच्या आधीपासून दर दोन मिनिटांनी प्रकाशाचा मध्य खुणावत जावे आणि ओळंब्यापासूनचे सर्वांत कमी अंतर घ्यावे. २२ डिसेंबरला हे दुपारी १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास येते. लोणारला ते अंतर सुमारे ९४.६ सेंटिमीटर भरेल, जळगाव जामोदला सुमारे ९८.२. या साडेतीन सेंटिमीटरच्या फरकात पृथ्वीचा परीघ आहे. अंतरावरून कोन काढावा, दोन कोनांची वजाबाकी करावी, ३६० ला तिने भागावे आणि गूगल अर्थवर मोजलेल्या अंतराने गुणावे. मोजमाप काटेकोर झाले तर उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येते. एका-दोन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर हजार-दोन हजारांनी इकडेतिकडे जाईल. चूक कशी वाढत जाते हे शिकायला तीही संधी उत्तमच.

स्टेलेरियम या मोफत संगणक प्रणालीत आधीच आपल्या गावचे माध्यान्ह आणि सूर्याची उंची पाहून ठेवता येते. सुट्टीत घरी करायचे असेल तर सूर्य भर माथ्यावर येतो ते शून्य सावलीचे दिवस आहेत: लोणारला २०-२१ मे, बुलढाणा शहरात २३ मेच्या सुमारास, जळगाव जामोदला २५-२६ मे. भारतीय खगोल संस्थेच्या शून्य सावलीच्या अ‍ॅपवर प्रत्येक गावाची तारीख आणि वेळ मिळते.

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय गणित दिनही आहे. आकाश त्या सुमारास सहसा निरभ्र असते. घाटावरच्या एका शाळेने घाटाखालच्या एका शाळेला आत्ताच फोन करावा आणि ही तारीख ठरवून टाकावी.